फोटो क्रमांक सतरा

आधीच सांगते, असले अनुभव सांगणाऱ्यांना तोंडावर हसणारी बाई आहे मी. आता तुम्ही मला हसा... पण हे घडलं ते भर दुपारी अडीच वाजता, नंदुरबारला आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये.

मी भूगोल शिकवते. विद्यापीठाचं फर्मान आलं होतं – सगळ्या नोट्स अंध विद्यार्थ्यांना ऐकता येतील अशा करून पाच वाजेपर्यंत पोर्टलवर टाका. म्हणजे प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहायचं, स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. माझे चाळीसेक फोटो. जिवावर आलं होतं हो! मी सगळ्यांमागे एकच शब्द चिकटवला – 'छायाचित्र'. तपासणारं सॉफ्टवेअर फक्त जागा रिकामी आहे का ते बघतं. त्याने हिरवी खूण दिली. सांगताना लाज वाटते, पण केलं.

आता 'ऐकून पाहिलं, ठीक आहे' अशी रमिलाची सही तेवढी हवी होती. रमिला वसावे, एस. वाय.ची. तिला जन्मापासून दिसत नाही. सोमवारी तिचा याच नोट्सवर पेपर होता. गरीब पोर, काही बोलणार नाही, असं मी धरून चालले होते.

तिने हेडफोन लावला. सोळा फोटो मुकाट ऐकले. सतरावा होता मणिबेलीकडच्या एका नर्मदाकाठच्या पाड्याचा, धरणाच्या पाण्यात गेलेल्या; फोटो त्याच्या बऱ्याच आधीचा. तिथे तिचं बोट थांबलं.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलं?" मग कानावर पडेल तसं ती बोलत गेली. "सात घरं. तिसऱ्या घरापुढे मोहाचं झाड. झाडाला झोळी बांधलीय. दारात एक बाई उभी आहे, तिच्या हातात –"

मी स्क्रीनकडे पाहिलं. सात घरं. मोहाचं झाड. झोळी तर मलाही मोठं करून बघितल्यावर दिसली... घाबरून मी हेडफोनची पिन उपटली.

स्पीकर म्हणाला, "छायाचित्र."

पुन्हा लावलं. दहादा लावलं. तेवढंच. लॅबचे सुरेशभाऊ येऊन विचारायला लागले, "मॅडम, काय व्हयनं?" मी त्यांनाही तेच लावून ऐकवलं.

रमिलाने तिथूनच वडिलांना फोन लावला. धरणामुळे उठून तळोद्याकडे वसलेलं कुटुंब ते. ऐकलेलं सगळं त्यांना सांगितलं. वडील म्हणाले, तिसरं घर आपलंच. झोळीत मीच असायचो, दारात माझी आई.

फाइल वेळेत गेली नाही. मेमो मिळाला, मिळू दे. शनिवार-रविवार बसून मी एकेक फोटो नीट लिहिला, तिला ऐकवला. पेपर तिला चांगला गेला.

कॉम्प्युटरवाल्यांना विचारून झालं. फोटो मी स्वतः स्कॅन केलेला. आपोआप वर्णन करणारी सोय त्या मशीनवर नाही, आणि त्या वेळी लॅबचं नेटही बंद होतं.

रमिला भेटली की अजून एकच विचारते, "मॅडम, आजीच्या हातात काय होतं?" मी कितीदा मोठं करून पाहिलं. फोटोत दाराच्या जागी नुसता अंधार आहे. मी पिन उपटली नसती, तर तिला कळलं असतं.