देसले सरांचा सातवा नियम

देसले सर मंगळवारी वारले. बुधवारी शाळा बंद होती. गुरुवारी मुख्याध्यापकांनी त्यांची शिट्टी आणि वही माझ्या टेबलावर ठेवली.

मी मराठी शिकवायचो, देसले सर खेळ. धसईजवळच्या त्या शाळेत आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो आणि दहा वर्षं एका खोलीत राहिलो. मला पोहता येत नव्हतं, आजही येत नाही. पण मुलींचा वॉटरपोलोचा संघ त्यांनी जिल्हा स्पर्धेत उतरवला होता आणि सामना तीन आठवड्यांवर आला होता.

"कर्वे सर, तुम्ही नुसतं काठावर उभं राहा," मुख्याध्यापक म्हणाले. "पोरी नदीत कशाला उतरवता, असं वरून विचारतायत. एक सामना जिंका, म्हणजे हा तास चालू ठेवायला मला तोंड राहील."

वॉटरपोलो म्हणजे पाण्यातला हँडबॉल म्हणा. एका बाजूला सात जणी. पाय तळाला टेकवायचे नाहीत. गोलकीपर सोडून बाकीच्यांनी चेंडू एकाच हातानं धरायचा. आमचं मैदान म्हणजे गावाजवळचा बंधारा आणि गोल म्हणजे दोन बांबूंना बांधलेली व्हॉलीबॉलची जुनी जाळी.

वहीत नऊ नियम होते. मी मुलींना ते लिहून दिले, पाठ करून घेतले, त्यावर चाचणीही घेतली. सातवा असा होता: कोणीही हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं, चेंडू सोडायचा आणि तिच्याकडे बघायचं. माझ्यासारख्या पुस्तकी माणसानं छापील नियमांशी हे ताडून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. अक्षर देसले सरांचं होतं, तेवढं मला पुरलं.

संध्याकाळी मी बंधाऱ्यावर उभा राहायचो. "सर, मागं व्हा, पँट भिजंल," ठाकूरवाडीची सुगंधा पाण्यातून चिडवायची. ती कॅप्टन होती. मध्येच कोणाचा तरी हात वर जायचा. चौदा डोकी एका दिशेला वळायची आणि चेंडू एकटाच वाहत राहायचा. ते बघायला मला आवडायचं.

सामना ठाण्याच्या जलतरण तलावात झाला. पहिल्या काही मिनिटांत सुगंधानं दोन गोल केले. मग समोरच्या एका मुलीनं पाण्यातून हात वर केला. आमच्या सगळ्या जणी थांबल्या. त्या मुलीला पास मिळाला आणि तिनं सरळ गोल मारला. पुन्हा हात वर, पुन्हा गोल. शहरातल्या मुली पास मागायला हात वर करत होत्या, हे माझ्या लक्षात यायला चार गोल जावे लागले.

मध्यंतरात पंच माझ्याकडे आले. वयस्कर गृहस्थ होते. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी सातवा नियम दोनदा वाचला.

"असा नियम नाही," ते म्हणाले. "कुठे शिकवलंत, नदीत? लाइफगार्ड होता?"

"नव्हता."

त्यांनी वही बंद करून परत दिली.

मी मुलींना बोलावलं. हा नियम इथे चालत नाही, तो देसले सरांनी आपल्यापुरता केला होता, असं सांगितलं. मग सुगंधानं विचारलं, "मंग देसले सर आमाला खोटं सांगत व्हते काय?"

"नाही. तुमच्यातली कोणी बुडू नये म्हणून सांगत होते."

"मंग ती समोरची हात वर करते तेव्हा खरंच दमली आसंल, तर?"

मी वही काखेत मारली. "खेळा तुम्ही," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या भागात त्यांनी प्रयत्न केला. पण हात वर गेला की एक तरी मान वळायचीच. आम्ही नऊ-तीननं हरलो.

सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, पोरींना साधे नियमही येत नव्हते का. चूक माझी, मी नियमपुस्तिका पाहिली नाही, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. त्या महिन्यात वॉटरपोलोचा तास बंद झाला.

त्या दिवसापासून मी छापील नियम आधी वाचतो. मात्र छापणाऱ्यानं आमचा बंधारा पाहिलेला नसतो, हेही लक्षात ठेवतो.

बंधारा आता गाळानं भरलाय. सुगंधा खर्डीला अंगणवाडीत आहे. देसले सरांनी सहा वर्षं त्या पाण्यात मुली उतरवल्या. त्या सगळ्या आज आहेत.