पाण्याकडं तोंड केलेलं घर

आमच्या टेकडीवर सात घरं आहेत. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा खालच्या गावाला लांबच्या माळावर प्लॉट मिळाले. गाव गेलं, सात कुटुंबं गेली नाहीत. त्यांनी आपापली घरं उकलली, खांब, तुळया, दारं बैलगाडीनं वर आणली आणि पुन्हा उभी केली. तेव्हापासून पावसाळ्यापासून होळीपर्यंत आम्ही बेटावर. गूळ उकळायच्या जुन्या काहिलीत बसून काठ गाठतो. होळीनंतर पायवाट निघते, आणि वैशाखात पाणी पुरतं हटलं की गाडीवाट उघडी पडते.

सहा घरांची दारं गल्लीकडं आहेत, आमचं एकट्याचं पाण्याकडं. आजोबांनी लाकडांवर छिन्नीनं खुणा केल्या त्या अंगणात उभं राहून, आणि जोडताना उभे राहिले आत. डावं सगळं उजवीकडं गेलं, पुढचं मागं. चूक ध्यानात आली तोवर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, माती पडली होती. टेकडीचा रिवाज असा : दरवर्षी पावसाआधी प्रत्येक धाब्यावर सातही घरांनी एकेक टोपली पांढरी माती टाकायची, आणि सातवी पडली की ते घर पावसाळा सरेपर्यंत उकलायचं नाही. पावसाळा सरेतो दाराची सवय झाली.

संगमनेरला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा घरात निम्मा वाटा आहे. या वैशाखात त्याचा फोन आला.

"दादा, जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला शब्द दिलाय. उद्या टेम्पो येतोय. काठावर स्लॅबचं बांधू."

"मी हो म्हटलेलं नाही."

"उलटं घर ते. त्याचा कसला अभिमान?"

मी भिंती मोजल्या आहेत. अडीच फूट जाड. ओळंबा लावून पाहिलंय, बोटभरही झुकाव नाही. तुळईला वाळवी नाही. धोक्याचं घर मी मुलाबाळांच्या डोक्यावर ठेवलं नसतं. हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "टेम्पो येतोय."

माती टाकायला अजून आठवडा होता. उजाडताच मी शिडी लावून आमची टोपली धाब्यावर रिकामी केली.

शेजारच्या वहिनी अंगणातून म्हणाल्या, "आवं भाऊजी, आजच? झोप लागली न्हाई का?"

"टेम्पो आज येतोय, वहिनी. घर उकलायला."

त्यांनी पदर खोचला. "मग आमची टोपली कशाला मागं ठिवायची?"

त्यांच्यामागून बाकीचे आले. टेम्पोची धूळ दिसली तेव्हा सहा टोपल्या पडल्या होत्या. सातवी गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या आबांची. आमच्या दाराची सगळ्यांत जास्त टिंगल करणारे तेच. ते एकेक पायरी चढत आले.

"उलट्या घराला माती घालतोय बगा. डोस्कं फिरलंय माजं," म्हणाले आणि टोपली पालथी केली.

व्यापारी गल्लीत उतरून भिंतीकडं बघत राहिला. "दार कुठंय?"

"पोहत या, सापडंल!" आबा वरून ओरडले. सगळी गल्ली हसली.

भाऊ टेम्पोतून उतरला. धाब्याच्या कडेवरची ताजी माती आणि सात रिकाम्या टोपल्या त्यानं पाहिल्या. तोही इथलाच. त्यानं व्यापाऱ्याला बाजूला घेतलं आणि गाडी वळवायला सांगितली.

"पुढच्या वैशाखात बघू, दादा."

"बघ की," मी वरूनच म्हणालो. "माती इथंच आहे. आम्हीही."