मणक्याचा क्षय आणि न्यानदेंगचं घर

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि पेनच्या टोकाने दोन मणके दाखवले. "हे दोन्ही झिजलेत. शेजारी पू साठलाय. बायोप्सीत निदान पक्कं झालंय. हा कॅन्सर नाही. पॉट्स स्पाइन आहे, म्हणजे मणक्याचा क्षयरोग. औषधांनी बरा होतो."

शेजारी बसलेल्या दादाने सुटकेचा निःश्वास सोडला. मला मात्र वेगळंच आठवलं. पुढच्या आठवड्यात मला दक्षिण सुदानला परतायचं होतं. तिथे न्यानदेंग माझी वाट पाहत होती.

"प्रवास?" मी विचारलं.

"तीन महिने बिछाना. मग पट्टा बांधून घरातल्या घरात. प्रवासाचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाल्या.

मी मूळची गोव्यातल्या पेडण्याची. चार वर्षं दक्षिण सुदानमध्ये एका संस्थेत समुपदेशक होते. सशस्त्र टोळ्यांनी पळवून नेलेली मुलं सुटून आली की काही महिने आमच्या केंद्रात राहत. त्यांचे नातेवाईक शोधायचे, दोन्ही बाजूंची तयारी करून घ्यायची आणि मुलांना घरी पोचवायचं, हे आमचं काम. न्यानदेंग चौदा वर्षांची. दहाव्या वर्षी तिला नेलं होतं. तिने ओझी वाहिली, स्वयंपाक केला, पुढे टोळीने तिच्या हातात बंदूकही दिली. आईवडील राहिले नव्हते. सात महिने शोधल्यावर एक मावशी सापडली. "मावशीच्या दारापर्यंत मी तुझ्यासोबत चालेन," असं मी तिला सांगून आले होते.

पाठ तेव्हाही दुखत होती. जीपच्या धक्क्यांनी दुखते असं मी धरून चालले. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, कपडे सैल झाले होते. सुट्टीवर घरी आले आणि एका सकाळी पायांत मुंग्या येऊन उभंच राहता येईना, तेव्हा दादाने गाडीत घालून इस्पितळात नेलं. हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, दोन आठवड्यांपेक्षा जास्त पाठ दुखत असेल आणि सोबत बारीक ताप असेल, तर मलम चोळत बसू नका.

मला जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या खाटेवर झोपवलं. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू यायचा, आई गरम पाव चहात बुडवून भरवायची. पहिल्या गोळ्यांनंतर लघवी नारिंगी झाली तेव्हा मी घाबरले. ती रिफाम्पिसिनची खूण, औषध पोटात गेल्याची, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मळमळ मात्र महिनाभर गेली नाही.

न्यानदेंगला काय सांगायचं, यावर मी तीन दिवस विचार केला. "येते" म्हणून न आलेली माणसं तिने खूप पाहिली होती. शेवटी खरं तेच सांगितलं. आजाराचं नाव, तीन महिने, मी येणार नाही. फोनवर पाठवलेला तो आवाजी निरोप माझी सहकारी आचोल हिने तिला डिंका भाषेत समजावून सांगितला.

आठ दिवस उत्तर नाही. मग आचोलचा फोन आला. "न्यानदेंगने एकच विचारलंय. तुला घरात वेगळ्या ताटात जेवायला देतात का?"

माझं ताट, पेला, चमचा खरंच वेगळा ठेवला होता. वहिनी ते दुसऱ्या मोरीत धूत होती. तिची चार वर्षांची सई दारातूनच मला हात हलवायची, आत यायची नाही. मी पाहिलं होतं आणि बोलले नव्हते.

"हो म्हणून सांग," मी आचोलला म्हटलं.

पलीकडे कुजबुज झाली. आचोल म्हणाली, "ती विचारते, मग तू काय करतेस?"

त्या दुपारी मी वहिनीला हाक मारली. भांडण्यासाठी नाही. विचारलं, "वहिनी, नेमकं कसलं भंय वाटतं?"

ती पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली. "तुका वायट वाटात म्हणून बोललंय नाय गो बाय. घरात बारीक चेडू आसा. तिका जाला तर?"

मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "छातीचा एक्स-रे आणि थुंकी दोन्ही साफ आहेत. यांचा क्षय हाडात आहे, श्वासात नाही. ताट वेगळं नको, मुलीलाही आत येऊ द्या." वहिनीने मग चार प्रश्न विचारले. एकही वेडगळ नव्हता. संध्याकाळी सई माझ्या खाटेवर बसून चित्रं रंगवत होती.

मला स्वतःची लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. न्यानदेंगच्या मावशीला मी दोनदा भेटले होते आणि दोन्ही वेळा फक्त व्याख्यान दिलं होतं. या मुलीचा दोष नाही, तिला माया हवी, वगैरे. मावशी मान हलवायची. तिला कसली भीती वाटते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आचोलने जाऊन विचारलं. मावशीच्या दोनच भीती होत्या. मुलगी झोपेत दचकून कुणाला मारेल का, आणि तिला शोधत ते लोक घरी येतील का. पहिलीवर न्यानदेंगनेच सुचवलं, मला हात लावून उठवू नका, लांबून नावाने हाक मारा. दुसरीसाठी गावच्या प्रमुखाने शेजाऱ्यांना बोलावून सगळ्यांसमोर तिची जबाबदारी घेतली.

न्यानदेंग आचोलसोबत मावशीकडे गेली. अकराव्या दिवशी एकटीच चालत केंद्रात परत आली. विहिरीवर कुणी तरी तिला खुनी म्हटलं होतं. मी खाटेवर पडून रडले. आता मावशी ‘सुटले एकदाची’ म्हणेल, असं वाटलं. पण दोन दिवसांनी मावशी स्वतः केंद्राच्या फाटकाशी आली. "माझं पोर न्यायला आलेय," म्हणाली. विहिरीवर बोलणाऱ्या बाईशी ती आधीच भांडून आली होती.

माझे तीन महिन्यांचे साडेचार झाले. पट्टा बांधून पहिल्यांदा पडवीपर्यंत गेले तेव्हा वहिनीने कोपराखाली हात धरला होता. औषधं वर्षभर चालली. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या चुकवाव्याशा वाटतात, तेव्हाच त्या चुकवायच्या नसतात. शेवटचा एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाल्या, "हाड भरलंय. औषध बंद. पण जीपचे धक्के आता नकोत." ते ऐकून मी फारशी खचले नाही. आता मी पेडण्यातूनच तिथल्या नव्या कार्यकर्त्यांना फोनवर शिकवते. आधी भीती विचारा, हा पहिला धडा.

गेल्या आठवड्यात आचोलचा फोन आला तेव्हा मावशी तिच्या शेजारी तावातावाने बोलत होती. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"तक्रार आहे," आचोल म्हणाली. "न्यानदेंग उलट बोलते. भांडी तशीच टाकून मैत्रिणीकडे जाऊन बसते. मावशी विचारते, तुमच्याकडच्या मुली पण अशाच असतात का?"

वहिनी शेजारी नारळ खवत होती. मी तिला सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, "अशेच आसतत म्हणून सांग तिका."