विजयाताईंची हजेरी

विजयाताई गायधनी यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो भांडायला. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सिन्नरच्या शाळेत मी मराठी शिकवत होतो आणि विज्ञानकथा म्हटलं की मला हसू यायचं. एका सहकाऱ्यानं बळेच हातात दिलेला ‘दूरध्रुव’चा दिवाळी अंक मी लाल पेन्सिल घेऊन वाचला, शुद्धलेखनाच्या चुकांनी समास भरून टाकले आणि रविवारी सकाळची एसटी धरून नाशिक गाठलं. इंदिरानगरातल्या त्यांच्या घराची बेल वाजवली तेव्हा माझ्या मनात भाषण तयार होतं. ताईंनी अंक घेतला, पानं उलटत शेवटपर्यंत गेल्या आणि चहा टाकायला उठता उठता म्हणाल्या, “बरं झालं आलात. सर, पुढचा अंक मग तुम्हीच बघा.” भाषण तसंच राहिलं. त्या दिवसापासून आजतागायत मी ‘दूरध्रुव’चा मुद्रितशोधक आहे आणि परग्रहांवर अजूनही माझा विश्वास नाही.

ताईंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, हे या गौरवग्रंथाच्या अनेक वाचकांना ठाऊक असेल. ट्रंक कॉल जोडण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर बायका तीर्थयात्रेला जातात, यांनी विज्ञानकथांचं मासिक काढलं. नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. ताईंचं म्हणणं साधं होतं. “तीस वर्षं मी न दिसणाऱ्या माणसांचे आवाज ऐकले. आता जी माणसं अजून झालीच नाहीत त्यांचे ऐकीन, एवढाच फरक.”

एक्स्चेंजचा एक नियम त्यांनी मासिकात आणला. पलीकडून आवाज आल्याशिवाय जोडणी करायची नाही. अंक छापायला जाण्यापूर्वीच्या रविवारी दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात लेखक जमायचे. ताई अनुक्रमणिका हातात घेऊन एकेक नाव पुकारायच्या आणि ज्याचं त्यानं “हजर” म्हणायचं. याचा अर्थ, मी माझी कथा शेवटच्या मुद्रितात वाचली आहे, ती माझीच आहे, छापा. लांबच्या लेखकांना मुद्रितं पोस्टानं जायची आणि त्यांनी पोस्टकार्डावर ‘हजर’ लिहून पाठवायचं. उत्तर नाही तर कथा नाही, मग लेखक कितीही मोठा असो. दोन नामवंत या नियमापायी कायमचे रुसले. ताईंनी त्यांची मनधरणी केली नाही.

लहान लेखकांसाठी मात्र त्या वाटेल तेवढा वेळ काढत. दिंडोरीच्या एका द्राक्षबागेत फवारणीचं काम करणारे रामनाथ पगार औषधांच्या माहितीपत्रकांच्या कोऱ्या बाजूला कथा लिहायचे. दोन सूर्य असलेल्या ग्रहावरची त्यांची कथा आली, तेव्हा ताईंनी त्यांना घरी बोलावलं, जेवणाच्या टेबलावर दोन दिवे लावले आणि मधोमध मिठाची बरणी ठेवून सावल्या दाखवल्या. रामनाथ वाकून दोन्ही सावल्या बघू लागले. मग म्हणाले, “ताई, म्हंजे तिथं मानसाला दोन सावल्या पडत्यात. मंग एक चुकली तर?” त्या प्रश्नातून त्यांची सर्वांत गाजलेली कथा झाली. कथा मी तपासली होती, तरी नंतर काही दिवस मी स्वतःची सावली बघत होतो, हे कबूल करतो.

माझ्या पत्नीचं ऑपरेशन झालं तेव्हा ताई दवाखान्यात डबा घेऊन आल्या. डब्याखाली मुद्रितांचा गठ्ठा होता. मी चिडलो. त्या म्हणाल्या, “काम असलं की माणूस दवाखान्यात कमी घाबरतो. करून बघा.” बाकावर बसून मी चौसष्ट पानं तपासली आणि खरोखरच कमी घाबरलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती लिहायची म्हणूनच हा लेख मी मागून घेतला.

पेठच्या डोंगराकडल्या एका पाड्यावर तुळशीराम भोये नावाचे शिक्षक होते. त्या दशकाच्या अखेरीस त्यांची पहिलीच कथा आमच्याकडे आली. धरणात बुडालेलं गाव, त्या पाण्यात सोडलेलं एक यंत्र आणि त्या यंत्राला खालून ऐकू येणारी शाळेची हजेरी. गुरुजी नाव घेतात आणि बुडालेल्या वर्गातून एकेक मूल उत्तर देतं. कथेत तेवीस नावांची यादी होती. ताईंनी ती वाचून दाखवली तेव्हा खोलीत कुणी चहाच्या कपाला हात लावला नाही.

मुद्रित तपासताना मला यादीत सखाराम हे नाव दोनदा दिसलं. माझ्यातल्या शिक्षकाची खोड, दुसरं काय! नजरचुकीनं दोनदा लिहिलं असणार असं धरून मी दुसऱ्या सखारामावर लाल रेघ मारली. बावीस नावांचं पान तयार झालं, त्याला सदतीस आकडा पडला आणि मुद्रित भोये गुरुजींकडे रवाना झालं.

हजेरीच्या आदल्या दिवशी त्यांचं पोस्टकार्ड आलं. ते माझ्याच हातात पडलं. वर ‘हजर’ होतं आणि खाली एक ओळ: ‘पान सदतीस. एक मूल राहिलं आहे.’ मला वाटलं, कथेतल्या त्या वर्गाबद्दल गुरुजींनी काहीतरी हळवा शेरा मारला आहे. छापखान्याची घाई होती, दिवाळी तोंडावर होती. ‘हजर’ आहे ना, मग झालं, असं म्हणून मी ताईंना न विचारता गुरुजींच्या कथेचा सोळा पानी फर्मा छापायला सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हजेरी सुरू असताना दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पायात धुळीनं भरलेल्या चपला, हातात पिशवी. त्यांनी काशिनाथ भोये असं नाव सांगितलं. गुरुजींचे धाकटे भाऊ. ताईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, “भाऊ गेला, ताई. तापानं. पंधरा दीस झालं. हा तुमचा लखोटा मागून आला. आमच्यात कोन वाचनार? म्हनलं, परत देऊन यावा.”

पिशवीतून त्यांनी आमच्या मुद्रिताचा लखोटा काढला. तो बंदच होता. डिंक, शिक्का, ताईंची सही, सगळं जसंच्या तसं.

ताईंनी टेबलावरच्या कार्डांतून गुरुजींचं पोस्टकार्ड उचलून त्यांच्यापुढे धरलं. काशिनाथभाऊंना वाचता येत नव्हतं, पण भावाचं अक्षर त्यांनी ओळखलं. कार्ड त्यांनी हातात घेतलं नाही. “अक्षर त्याचंच हाय,” एवढंच म्हणाले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारी कुणी गहू निवडत बसलं होतं.

ताईंनी मूळ हस्तलिखित मागवलं आणि नावं मोजली; हस्तलिखितात तेवीस, छापलेल्या पानावर बावीस. मग विचारलं, “भाऊ, सखाराम दोन होते का?”

“व्हय. एक थोरला, एक ल्हाना. ल्हाना व्हळाच्या पुरात गेला. पन भाऊ त्याचं नाव रोज घ्यायचा. पोरं गप बसायची, मंग तो म्होरचं नाव घ्यायचा. लोकांनी लय सांगितलं, कापा म्हून. त्यानं नाय कापलं.”

ताई आमच्याकडे वळल्या. “हे नाव कुणी गाळलं?”

आमचा अक्षरजुळणीकार नितीन बिचारा म्हणाला, “माझ्याकडूनच सुटलं असेल, ताई.” मी तरीही गप्प राहिलो. त्या संध्याकाळी लाल रेघ असलेलं मुद्रित मी पिशवीत घालून घरी आणलं. ते अजून माझ्या कपाटात आहे.

छापलेला फर्मा ताईंनी रद्द केला. छापखान्याला दुसरी कामं होती, अंक भाऊबीज उलटून गेल्यावर बाहेर पडला आणि बसस्टँडवरच्या विक्रेत्यांनी गठ्ठे न सोडताच परत पाठवले. ‘दूरध्रुव’ त्या वर्षी बंद पडता पडता वाचला. मी ताईंजवळ हळहळलो, तर त्या म्हणाल्या, “मूल वर्गात आलं ना? मग झालं.”

पुढे मी त्यांना माझा तर्क ऐकवला. दुसरा सखाराम कुणीतरी कापणार, हे गुरुजींना अनुभवानं माहीत असेल. कार्ड त्यांनी आजारपणातच लिहून कुणाकडे तरी दिलं असेल. ताईंनी मान डोलावली. “असेल. पण सर, पान सदतीस आहे हे त्यांना कुणी सांगितलं?”

पुढच्या वर्षी दिवाळी अंकाच्या हजेरीत ताईंनी अनुक्रमणिकेत नसलेलं एक नाव शेवटी पुकारलं, “तुळशीराम भोये.” मग त्या थांबल्या. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. कोपऱ्यातला टेलिफोन अर्धीच रिंग देऊन बंद झाला. त्या काळी लाइनी कशाही वाजायच्या, हे मी स्वतःला बजावलं. ताई मात्र एक्स्चेंजमधल्या जुन्या सवयीनं, अगदी हळू म्हणाल्या, “लागला.” आणि कागद घडी करून ठेवला. फोन पुन्हा कधी तसा वाजला नाही, पण ते नाव दर दिवाळी अंकाला घेतलं जातं. आता त्यामागे आणखी काही नावं आली आहेत.

नितीन, ते नाव मी गाळलं होतं. कार्ड वाचूनही फर्मा मीच छापायला लावला होता. तुम्ही ते अंगावर घेतलंत, याची मला इतकी वर्षं लाज वाटत आली आहे. आणि ताई, मला वाटतं, तुम्हाला हे त्याच दुपारी कळलं होतं. माझी लाल पेन्सिल तुम्ही पहिल्या भेटीपासून ओळखता. एका शब्दानं तुम्ही मला कधी टोचलं नाहीत. याहून मोठी माया माझ्यावर कुणी केलेली आठवत नाही.

यंदा ताईंना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणानं त्यांचा आवाज बसला आहे, म्हणून येत्या सत्काराच्या रविवारी हजेरी मी घ्यावी असं ठरलं आहे. कपाटातलं मुद्रित घेऊन मी येणार आहे. पहिलं नाव विजया गायधनी असं पुकारणार आहे आणि पुढची कित्येक वर्षं तेच पहिलं राहावं, एवढंच माझं मागणं आहे. ताई, प्रकृतीला जपा, औषधं वेळेवर घ्या, तुमच्या शंभरीचा अंकही आपल्याला काढायचा आहे. आणि नाव पुकारलं की उत्तर तुमच्या आवाजात द्या, बसलेला असला तरी चालेल. तुमचं पोस्टकार्ड मी घेणार नाही.