काटा न टोचणारा पाय

विहिरीला पाणी लागलं आणि आमच्या घरात रोज गव्हाची पोळी सुरू झाली. त्याआधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, नाहीतर बाजरीची, तीही कधी दोन वेळा, कधी एकच वेळ. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात पोळी म्हणजे सणाचं खाणं. मग मालकांनी जळगावहून मोटारसायकल आणली. दोन कोस चालत जायचे ते बांधापर्यंत गाडीवर जाऊ लागले. दिवसातून सहा वेळा गोड चहा. पोट सुटलं. मला बरंच वाटलं. नवरा खातापिता दिसत होता.

एकदा ते शेतातून आले तर ओट्यावर रक्ताचे ठिपके. पाय पाहिला. टाचेजवळ नाही, थेट अंगठ्याखाली बाभळीचा काटा रुतलेला, बोटाच्या पेराएवढा.

"तुम्हले समजनं नही?"

"मना पाय बैलना खूर शे. काटाच घाबरस माले."

मी हसले. आमच्यात काटा न टोचणारा पाय म्हणजे राबलेला पाय. राबणं सुटून सहा वर्षं झाली होती, हे डोक्यात आलं नाही. हळद दाबून मोकळी झाले. पंधरा दिवसांत अंगठा काळा पडला.

धुळ्याला डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर निघाली. अंगठा कापला. डॉक्टर मला म्हणाले, "अक्का, माणसाचं शरीर हजारो वर्षं चालून आणि उपाशी राहून घडलंय. मिळेल ते साठवायचं, एवढंच त्याला येतं. तुमचं ताट बदललं, शरीर जुनंच आहे."

मालक खाटेवरून म्हणाले, "म्हंजे आजा उपाशी ऱ्हायना, त्यानी सजा माले?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. साखरेनं पायाची जाण गेली की पुढे पायच जातो, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

घरी आल्यावर मी रोज सकाळी केरसुणीची काडी त्यांच्या तळपायाला लावायची. "लागनं का?" "लागनं." रोज तेच. मला धीर यायचा. पण ते माझ्या हाताकडे बघून बोलतात, हे एक दिवस लक्षात आलं.

"डोया मिटा," म्हटलं. मिटले. मी काडी माझ्या मांडीवर ठेवली. पायाला हातच लावला नाही.

"लागनं का?"

"लागनं ना. सारं समजस माले."

मी काडी परत केरसुणीत खोचली. त्यांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत.