पाय धुवायचं पाणी

आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी देतात. कोण, कशाला आलं, हे मागाहून. पाणी दिलं म्हणजे घरात ये म्हटलं. गोंदियाजवळ मुर्रीच्या आमच्या घरी त्यासाठी ओट्यावर एक पितळी बादली कायम भरलेली असे.

ताई केशोरी गावचं सासर सोडून परत आली तेव्हा नवऱ्याच्या माराने तिचा डावा कान गेला होता. घरगुती हिंसाचाराचा कायदा नवीनच होता. गोंदियाच्या कोर्टात मी तिच्या शेजारी बसून राहायचे, पिशवीत पुस्तक असायचं, उघडायचे नाही. शेवटी हुकूम मिळाला. नवऱ्याने तिच्याशी बोलायचं नाही, ती राहते त्या घरात पाऊल टाकायचं नाही. त्या दुपारी ताई दार उघडं ठेवून झोपली. परत आल्यापासून पहिल्यांदाच.

धानाची कापणी चालू असताना एक दिवस मी कॉलेजच्या लायब्ररीतून घरी आले, तर तो ओसरीत खुर्चीवर बसलेला. पाय ओले. ताईने आतल्या खोलीत जाऊन कडी लावली होती.

"हा काऊन आला?" मी आईला स्वयंपाकघरात विचारलं.

"मी बोलावलं का त्याले? दारात उभा राहिला. जावई होय. पाणी नाही देऊ त काय गोटे मारू?"

"त्याला मनाई आहे, आई."

"मनाई त्याले हाय. पाणी देऊ नोको असं मले कोणी सांगितलं?"

ओसरीतून त्याचा आवाज आला. सासूला तो मामीजी म्हणायचा. "मामीजी, चहात साखर कमी."

मी ताईची केस पाहणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंना फोन केला. पोलीस येईपर्यंत तो निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी ठाण्यात सगळ्यांना बोलावलं, तिथे तो म्हणाला, "सासूनं पाय धुवायले पाणी देल्लं, चहा पाजला. मी काय घुसलो का?" शिपाई हसला. "जावयाचा मान केला न तुम्ही? मंग तक्रार कायची?"

अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी आईला बाकावर बसवलं. "हुकूम त्याच्यावर आहे आणि तो त्यानंच मोडला. पण त्याचा वकील कोर्टात विचारेल, पाणी दिलं का. काय सांगाल?"

"देल्लं म्हणीन. खोटं कायले बोलू?"

"मग पुढच्या वेळी देऊ नका. दार लावा आणि मला फोन करा."

घरी आल्यावर आईने बादली उचलून आत नेली. सगळ्यांसाठीच. "हात आपोआपच जाते," एवढंच म्हणाली. तिला स्वतःच्या हाताचा भरवसा उरला नव्हता. मग पाहुणे कोरड्या पायांनी ओसरीत येऊ लागले. मामा एकदा म्हणाला, "काऊन वो बाई, विहीर आटली का तुमची?" हळूहळू मामाचं येणंही कमी झालं.

तो आणखी एकदा आला. अंगणात उभा राहून "मामीजी, ओ मामीजी" हाका मारत राहिला. बंद दारामागे आई ताईचा हात धरून बसली होती. तिचे ओठ हलत होते, पण ती उठली नाही. मी फोन केला. पोलिसांनी त्याला अंगणातूनच नेलं. मग तो आला नाही. ताई पुन्हा दार उघडं ठेवून झोपू लागली. दाराकडे चांगला कान करून.

पुढे आई गेली. काही वर्षांनी, आजारपणात, ताईही गेली. मसणातून परतलेल्यांना पाय धुवायला म्हणून शेजारणींनी बादली शोधून ओट्यावर भरून ठेवली. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती. मी घरात एकटीच होते.

तो आला. केस पांढरे झाले होते. बादलीजवळ थांबला आणि चपला काढू लागला.

मी दारात उभी राहिले.

"आता कायची मनाई?" तो म्हणाला. "ती त गेली."

कायद्याने तो बरोबर असेल. ज्या बाईसाठी हुकूम होता ती उरली नव्हती. मी वाद घातला नाही. पुढे होऊन बादली उचलली. जड होती, माझ्याच पायांवर पाणी सांडलं. ती आत नेऊन ठेवली आणि दार लावलं. बऱ्याच वेळाने चपलांचा आवाज अंगणातून दूर गेला.

बादली अजून आतच आहे. तशीही आता दारात फारसं कोणी येत नाही.