माझी तिरंदाज सकाळी कुठे जायची

संध्याकाळी मी तिला नदीच्या पुलाखाली सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघावं तर ती डोंगरापलीकडच्या सफरचंदांच्या बागेत उभी. पायाशी गवत हलतंय, वर त्या खेळातलं नेहमीचं जांभळट आभाळ, आणि पिशवीत वीस-पंचवीस सफरचंदं. मी तिला तिथे नेलेलं नसायचं. पहिल्यांदा वाटलं, खेळातच काहीतरी गडबड आहे. मग काही दिवस मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू? आपण दिवसभर वालीवच्या कारखान्यात प्लास्टिकची झाकणं तपासत उभ्या असतो आणि तेवढ्या वेळात आपलीच एक बाई कुठेतरी मोकळी भटकून येते, या कल्पनेवर माझा अख्खा दिवस निघायचा.

ती म्हणजे माझी तिरंदाज. ब्रॉडबँड नुकतं घरोघरी येऊ लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. कारखान्याने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक मी घरी आणला आणि विरार पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक आख्खं राज्य येऊन बसलं. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून एकाच खेळात शिरायची. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी जादूगार. मी तिरंदाज झाले. राखाडी झगा, लांब वेणी, आणि चालण्यात एक ऐट. ती माझ्यात कधीच नव्हती.

माझ्याकडे वेळ मात्र चिमूटभर. सकाळी सातला डबा घेऊन बाहेर पडायचं, संध्याकाळी सातला घरी. हातपाय धुऊन चहा होईपर्यंत सव्वासात-साडेसात. आणि आठला आमच्या भागातली वीज जायची, भारनियमनाचं ते ठरलेलंच. म्हणजे जेमतेम चाळीस मिनिटं. लाइट गेले की जेवण, आणि जेवण झालं की डोळे मिटायचेच. बाकीचे लोक चार-चार तास खेळून कुठच्या कुठे पोचलेले आणि मी आपली अजून लांडग्यांच्याच जंगलात. आमची सहा-सात जणांची टोळी होती. त्यातली मनिलाची एक नर्स मला गोगलगाय म्हणायची. पण माझ्यासाठी थांबायचीही.

त्या चाळीस मिनिटांत माझ्याशी कुणी बोललेलं मला खपायचं नाही. आई कांदा चिरता चिरता काही विचारायची, मी हूं म्हणायचे. बाबा मागे सोफ्यावर बसलेले असायचे. ते काही विचारायचेच नाहीत.

बाबांबद्दल सांगायला हवं. आगाशीला आमची वाडी होती. केळी, पानवेली, कडेला सोनचाफ्याची झाडं. भावाभावांत वाटे झाले, विहिरीचं पाणी मचूळ होत गेलं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ती विकली. बाबांनी एकट्याने नको म्हटलं असतं तरी फरक पडला नसता, आणि त्यांनी म्हटलंही नाही. वाट्याला हा फ्लॅट आला. तिसऱ्या मजल्यावर त्यांना काही कामच नव्हतं. आईशी ते वाडीच्या बोलीत बोलत, माझ्याशी शाळेतल्या मराठीत, तेही मोजकं. फ्लॅटवर आल्यापासून तर तेही कमी झालं होतं. आई म्हणायची, यांचं बोलणं वाडीबरोबर विकलं गेलं. ती हसून म्हणायची, पण मला त्याची धास्ती वाटायची. दर महिन्याला बाबा थोडे आणखी गप्प होत होते आणि त्यावर काय करायचं ते मला सुचत नव्हतं. म्हणून मी खेळायचे.

आता धनुष्याचं. खेळात एक हिरवं धनुष्य होतं. अंधारात त्याची दोरी काजव्यासारखी चमकायची. ते मिळवायला सतरा ठिकाणी जाऊन सतरा वस्तू आणाव्या लागत. रोजच्या चाळीस मिनिटांच्या हिशेबाने मी ते गणपतीत सुरू केलं आणि शिमग्याला ते माझ्या हातात आलं. त्या संध्याकाळी लाइट गेल्यावरही मी तशीच बसून राहिले. काळ्या पडद्यावर मला ते दिसतच होतं. कारखान्यातही झाकणं मोजता मोजता त्याचा हिरवा उजेड बोटांवर पडल्यासारखा वाटायचा.

वालीवच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, वीज नसते म्हणून. टोळीने माझ्यासाठी मुद्दाम शुक्रवारची दुपार ठरवली. बर्फातल्या एका राक्षसावर चाल करून जायचं होतं आणि ते हिरव्या धनुष्याशिवाय जमणारं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी माझ्यावाचून अडलं होतं. मी लवकर जेवून, केस बांधून दोन वाजता बसले. आदल्या संध्याकाळी मला घरी यायलाच आठ वाजून गेले होते, त्यामुळे तिरंदाज बागेतच उभी होती. पिशवी उघडली तर सफरचंदं, सफरचंदं, आणि धनुष्य नाही.

मी तीनदा शोधलं. मग मोठ्याने म्हणाले, माझं धनुष्य गेलं कुठे, माझ्या कॉम्प्युटरला कुणी हात लावलाय का? आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, "मी दिलं ते. एका पोराकडं काहीच नव्हतं, त्यानं मागितलं."

तेव्हा सगळं उमगलं. पासवर्ड कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेला, बटण दाबलं की झालं. बाबा महिनोन्‌महिने माझ्या मागे बसून कुठली कळ दाबली की ती चालते, कुठली दाबली की थांबते, ते पाहत होते. मी कामावर गेले की ते माझ्या खुर्चीवर बसत. कुणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही. तिला घेऊन ते सरळ त्या बागेत जात. तिथे ना राक्षस ना बक्षीस, म्हणून कुणीच फिरकत नसे. तिथली फळं तोडायची आणि वाटेने जाणाऱ्याला द्यायची, एवढाच त्यांचा खेळ. वाडीत त्यांचा नेम होता, कुंपणाच्या आत आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जायचा नाही. पोस्टमन असो, वाट चुकलेला असो, निदान चार केळ्यांची फणी त्याच्या हातात पडायची. त्याच नेमाने त्या पोरालाही काहीतरी द्यायला हवं होतं. सफरचंद नको म्हणाला असेल, मग पिशवीत दुसरं जे होतं ते दिलं.

आज मला हे सांगताना हसू येतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात सणक गेली. सात महिन्यांच्या संध्याकाळी होत्या त्या. मी म्हणाले, "एक वाडी वाटून वाटून संपवलीत ना, आता माझं थोडंसं होतं तेही वाटलंत?"

हे खरं नव्हतं. वाडी त्यांच्या देण्याने गेलीच नव्हती, ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे बाबांनाही माहीत होतं. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा डबीत ठेवला आणि आतल्या खोलीत गेले. मी तेव्हाच्या तेव्हा पासवर्ड बदलला, आणि तो रोज टाकावा लागेल अशी सोय करून टाकली. टोळी माझ्याशिवाय गेली आणि हरली. नर्स म्हणाली, असू दे. मला ते असू द्यायचं नव्हतं.

त्यानंतर माझी तिरंदाज मी सोडेन तिथेच राहू लागली. पुलाखाली सोडली की पुलाखाली. तीन आठवडे असे गेले. मला वाटलं होतं, आता निवांत खेळता येईल, पण खेळात जीव रमेना. त्यात अनोळखी माणसं येऊन विचारायला लागली. कुणी विचारी, आज फळं नाहीत का? कुणी नुसतंच समोर येऊन वाकून नमस्कार करी. बाबा आठवीपर्यंतच्या इंग्रजीत त्यांच्याशी काय बोलले असतील ते मला अधूनमधून कळायचं. आधी खाऊन घे, असं ते सगळ्यांना सांगत. मग लढायला जा. एकदा निळ्या टोपीचा एक जादूगार पुलाखाली आला, बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि मग त्याने लिहिलं की सकाळची तू आणि संध्याकाळची तू वेगळ्या आहात. सकाळची तू थांबतेस. नदीचं पाणी निळं-काळं होत गेलं, त्यात खेळातला चंद्र उगवला, आणि आमच्या घरातले लाइट गेले.

अंधारात आई मेणबत्ती शोधत होती. शोधता शोधता ती हळूच म्हणाली की बाबा हल्ली सकाळी आंघोळही उशिरा करतात. मधे बरे बोलायला लागले होते. ती भाजी निवडायला बसली की तिला हाक मारायचे, हे बघ म्हणून दाखवायचे, आज अमुक देशातला माणूस आला होता. तिला त्यातलं काही कळायचं नाही, पण नवऱ्याने हाक मारलेली तिला आवडायची. आता दुपारपर्यंत दोन शब्द निघत नाहीत तोंडातून. माझ्यावर तिने ठपका ठेवला नाही. ठेवला असता तर मी भांडले असते आणि सुटले असते.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी बाबांजवळ गेले. ते गॅलरीत होते, समोर कुणाच्या तरी गच्चीवर पापड वाळत घातलेले बघत होते. नाकावर राग ठेवायची सवय असलेल्या माणसाला माफी मागणं किती जड जातं ते मला विचारा. मी मागितली. वाडीचं बोलले ते खोटं होतं, म्हणाले. पासवर्ड कागदावर लिहून आणला होता, तो त्यांच्यापुढे धरला. म्हणाले, तुम्ही बागेत जा, पाहिजे तितकी फळं वाटा, धनुष्याचं माझं काही म्हणणं नाही. वाडीची आठवण येते ना तुम्हाला तिथे?

बाबांनी कागद घेतला नाही.

"बाग नंतर सापडली," ते म्हणाले. "मी बागेसाठी नव्हतो गेलो. तू घरी येतेस आणि लगेच तिथं जातेस. मला तुझी पाठच दिसते. म्हटलं, एवढी कुठं जाते, एकदा जाऊन तर बघावं."

मला वाटत होतं, बाबा गप्प होत चाललेत. आणि ते माझ्यामागून दऱ्याडोंगर पालथे घालत होते, मी तिथे नसताना. सकाळच्या उन्हात गॅलरीत आम्ही दोघं उभे होतो आणि क्षणभर मला वाटलं, त्या बागेच्या कुंपणाशी मीच उभी आहे, आणि ते मला आत ये म्हणत नाहीत, कारण आत यायचं की नाही ते माझं मी ठरवायचं आहे.

मी म्हटलं, चला, आत्ताच बसू या दोघं. नवीन माणूस काढून देते तुम्हाला, तुमचा स्वतःचा. वैद्य घ्या, वैद्याला कुणी मारत नाही. ते हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले. मग म्हणाले, खेळ तुझा तू खेळ, दमून येतेस, तेवढं तुला हवंच. कागद धरलेली माझी मूठ त्यांनी मिटवली.

"फक्त ते टेबल जरा फिरवता येईल का बघ," ते म्हणाले. "तुझं तोंड सोफ्याकडं येईल असं."

वायर पुरत नव्हती. बाबा खाली जाऊन एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आले. आईने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि टेबल ओढून सोफ्याच्या समोर आणलं. मी खुर्चीत बसून पाहिलं. कॉम्प्युटरच्या कडेवरून बाबा दिसत होते.